पाताळातील संवाद



आजच्या व्याख्यानाचे नाव ऐकून एका स्नेह्यांनी मला वाटेतच अडवले. म्हणाले, "पाताळ हा पुराणाचा प्रांत. इतिहासाच्या नावाखाली तुम्ही हरदासांची बैठक का बळकावता?" त्यांची शंका वाजवी आहे. जो संवाद कधी झालाच नाही, त्याला इतिहासात जागा कशी द्यायची? पण कल्पित संवादालाही जन्म असतो, जन्माचे कारण असते, आणि क्वचित असे घडते की त्याचे खरे चरित्र लेखकाच्या मृत्यूनंतरच सुरू होते. अशाच एका संवादाची हकीकत मी आज सांगणार आहे.

मृतांना बोलते करण्याची चाल जुनी आहे. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियनने दुसऱ्या शतकात मृतांचे संवाद रचले. आपल्याकडे शांतिपर्वातला राजधर्म उलगडतो तो शरशय्येवरील भीष्म आणि राज्याचा वीट आलेला युधिष्ठिर यांच्या प्रश्नोत्तरांतून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तीही जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संभाषणाच्या रूपाने. विषय सत्तेचा निघाला की लेखकांना संवाद का सुचतो? मला त्याचे कारण साधे वाटते. सत्तेविषयी एकटा माणूस बोलू लागला की त्याचा उपदेश होतो, नाहीतर स्तुतिपाठ होतो. समोर दुसरा बसला की प्रत्येक विधानाला "का?" हा प्रश्न येऊन भिडतो आणि सत्तेलाही कारणे द्यावी लागतात.

आता फ्रान्सकडे वळू. १८४८ साली तेथे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फार मोठ्या बहुमताने अध्यक्ष निवडला गेला तो पहिल्या नेपोलियनचा पुतण्या, लुई नेपोलियन. घटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होता येत नव्हते. २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे त्याने सैन्याच्या बळावर विधिमंडळ बरखास्त केले, विरोधी पुढाऱ्यांना अंथरुणातून उचलून तुरुंगात घातले, आणि मग जनतेला विचारले की, मी केले ते मान्य आहे ना? सुमारे ७४ लाख मते त्याच्या बाजूने पडली. विरुद्ध पडलेली साडेसहा लाखांच्या आतली. बरोबर एका वर्षाने तो तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झाला. व्हिक्टर ह्यूगो देशोधडीला लागला. वृत्तपत्रे निघत होती, पण सरकारच्या दोन-तीन ताकिदी आल्या की बंद पडत होती. निवडणुका होत होत्या, पण सरकारी उमेदवार कोण हे आधीच जाहीर असे. घटना होती, न्यायालये होती, विधिमंडळही होते. सारे काही होते, आणि तरी काहीच नव्हते.

या पॅरिसमध्ये मोरिस जोली नावाचा एक वकील राहत होता. सम्राटाविरुद्ध लिहायचे त्याच्या मनात होते, पण नाव घेऊन लिहिले तर पुस्तक छापखान्यातच अडकणार. एका संध्याकाळी सेन नदीच्या काठी फिरताना त्याला इटालियन पाद्री गालियानीची आठवण झाली. या गालियानीने १७७० साली धान्यव्यापारासारखा रुक्ष विषय संवादाच्या रूपाने रंगवला होता. जोलीने ठरवले की आपणही दोन मृत पंडितांना भेटवू, आणि जे आपल्याला बोलता येत नाही ते त्यांच्या तोंडून वदवू. १८६४ साली ब्रुसेल्समध्ये त्याचे पुस्तक निनावी छापले गेले. त्याचे नाव होते 'मॅकिआव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा पाताळातील संवाद'.

ही जोडी त्याने विचारपूर्वक निवडली होती. मॅकिआव्हेली हा फ्लॉरेन्सचा. चौदा वर्षे त्याने त्या प्रजासत्ताकाची चाकरी केली. १५१२ मध्ये मेदिची घराणे परत आले, याची नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला पकडून, हात पाठीशी बांधून दोराने टांगण्यात आले. सुटल्यावर खेड्यात राहून त्याने 'राजा' हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच सुमाराच्या एका पत्रात तो आपला दिनक्रम सांगतो. दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत आणि खाणावळीत पत्ते. रात्र झाली की चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा, प्राचीन ग्रंथकारांच्या सहवासात बसायचे, त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारायची आणि त्यांची उत्तरे ऐकायची. म्हणजे ज्याला पुढे पाताळात बोलायला बसवण्यात आले, तो हयातीतही मृतांशी बोलतच होता.

माँतेस्क्यू त्याच्यानंतर दोन शतकांनी आला. बोर्दो येथील न्यायपीठाचा तो एक अध्यक्ष होता. १७४८ साली त्याने 'कायद्यांचे मर्म' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कायदा करणारा, तो अंमलात आणणारा आणि न्याय देणारा हे तीन हात वेगवेगळे असावेत, म्हणजे सत्तेलाच सत्ता आवर घालील, हा त्याचा सिद्धांत. एकाने राजाची कला सांगितली, दुसऱ्याने राजाला लगाम घालण्याची. पण रोमच्या धर्मपीठाने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दोघांनाही घातले.

जोलीच्या पुस्तकात पंचवीस संवाद आहेत. माँतेस्क्यू आत्मविश्वासाने म्हणतो की युरोपातील सुधारलेल्या राष्ट्रांत आता हुकूमशाही अशक्य आहे. सत्तेची विभागणी आणि लोकमत तिला उभी राहू देणार नाहीत. मॅकिआव्हेली ते आव्हान स्वीकारतो. तुझ्या संस्थांपैकी एकही मी मोडणार नाही, असे तो म्हणतो, आणि त्या उभ्या ठेवूनच सारी सत्ता एका हाती कशी आणता येते ते पायरीपायरीने दाखवतो. न्यायाधीशांना काढायचे नाही. वयाची मर्यादा घालायची, म्हणजे जुने आपोआप जातात आणि नवे आपले नेमता येतात. मतदान बंद करायचे नाही. प्रश्नच असा विचारायचा की 'होय' म्हणण्यावाचून मार्ग उरू नये. राजधानीत मोठी बांधकामे काढायची, म्हणजे मजुरांच्या हातांना काम मिळते आणि डोक्याला सवड मिळत नाही.

पुस्तकातला सर्वांत धारदार भाग वृत्तपत्रांचा. मॅकिआव्हेली म्हणतो की मी पत्रे बंद करण्याऐवजी ती चालवीन. सरदारांसाठी एक, प्रजासत्ताकवाद्यांसाठी एक, क्रांतिकारकांसाठीही एक. प्रत्येकाला वाटेल की आपण आपल्या पक्षाचे पत्र वाचतो आहोत. ती एकमेकांवर तुटून पडतील, आणि त्या गदारोळात मूळ प्रश्न कोणी विचारणार नाही. या व्यवस्थेला तो उपमा देतो आपल्या विष्णूची, आणि त्या विष्णूला शंभर हात असल्याचे सांगतो. आपला विष्णू चतुर्भुज. विश्वरूपात त्याला अगणित बाहू असतील, पण नेमके शंभर हात त्याला पॅरिसच्या वकिलानेच दिले. श्रोत्यांनी हे शंभर हात ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांचे काम आहे.

येथे खऱ्या मॅकिआव्हेलीच्या बाजूने एक शब्द बोलले पाहिजे. जोलीने त्याचे अर्धेच रूप घेतले. रोमच्या इतिहासावर लिहिताना मॅकिआव्हेलीने त्या काळी कोणालाही न रुचणारे मत मांडले होते: रोममध्ये सरदार आणि सामान्यजन यांचे भांडण होते म्हणूनच रोम स्वतंत्र राहिले. त्या भांडणातून सामान्यांचे कैवारी असलेले ट्रिब्यून हे अधिकारी निर्माण झाले आणि चांगले कायदे झाले. पुढे फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिताना त्याने त्याची दुसरी बाजू सांगितली. तंटे फ्लॉरेन्समध्येही होते. पण रोममधले तंटे कायद्यात संपत, फ्लॉरेन्समधले हद्दपारीत आणि रक्तात. जिंकलेल्याला हरलेला गावातच नको असे. तेव्हा समाजात फूट आहे एवढ्याने घाबरू नये. ती कोठे जाऊन संपते, हरलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलायला जागा उरते की नाही, हे पाहावे. मला तर सत्ता आणि नीती यांच्या वादात याहून उपयुक्त कसोटी आढळलेली नाही. आणि ती सांगितली, दोराला टांगला गेलेल्या माणसाने.

जोलीचे पुढे काय झाले? पुस्तकाच्या प्रती चोरून फ्रान्समध्ये आल्या आणि पोलिसांच्या हाती पडल्या. सम्राटाचे नाव कोठेही नव्हते, पण ते कोणाला उद्देशून आहे हे सम्राटाच्या पोलिसांनी तात्काळ ओळखले. १८६५ साली खटला होऊन जोलीला पंधरा महिन्यांची कैद आणि दंड झाला. १८७० मध्ये प्रशियाकडून पराभव होऊन ते साम्राज्य कोसळले, तरी जोलीचे दिवस पालटले नाहीत. १८७८ साली पॅरिसमधल्या आपल्या खोलीत तो गोळी लागून मेलेला आढळला. ती त्याने स्वतःच झाडून घेतली असे मानतात. पुस्तकही विस्मृतीत गेले.

येथे गोष्ट संपती तर मी आपला वेळ घेतला नसता. १९०३ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका वृत्तपत्रात एक लेखमाला आली. ज्यू लोकांच्या वडीलधाऱ्यांनी साऱ्या जगावर सत्ता मिळवण्याचा गुप्त बेत केला असून ही त्यांच्या सभेची टिपणे आहेत, असा तिचा दावा होता. 'प्रोटोकोल्स' या नावाने ती जगभर पसरली. १९२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे कॉन्स्टँटिनोपलमधील बातमीदार फिलिप ग्रेव्हज यांनी तिचा उलगडा केला. एका रशियन निर्वासिताने त्यांच्या हाती मुखपृष्ठ नसलेले एक जुने फ्रेंच पुस्तक दिले. तो जोलीचा संवाद होता. दोन्ही मजकूर शेजारी ठेवताच चोरी उघडी पडली. पुढच्या अभ्यासकांनी मोजले तेव्हा जोलीवरून उचललेले दीडशेहून अधिक उतारे निघाले. आणि बाराव्या टिपणात, वृत्तपत्रांच्या प्रकरणात, शंभर हातांचा विष्णू जसाच्या तसा उभा होता! परीक्षेत शेजाऱ्याची वही उतरवणारा मुलगा त्याची चूकही उतरवतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

पण चोराने काय उचलले यापेक्षा काय टाकले ते पाहण्याजोगे आहे. जोलीच्या मूळ पुस्तकात ज्यूंविरुद्ध काही नव्हते. ते एका सम्राटाविरुद्ध होते. चोराने मॅकिआव्हेलीची वाक्ये घेतली आणि ती निरपराध लोकांच्या तोंडी घातली. माँतेस्क्यू मात्र काढून टाकला. प्रश्न विचारणारा गेला, अडवणारा गेला, हळहळणारा गेला. उरले ते स्वगत. जुलमाविरुद्ध लिहिलेला संवाद, त्यातला एक आवाज वजा होताच, जुलमाचे हत्यार बनला. हिटलरने तर, एक वृत्तपत्र हा मजकूर खोटा असल्याचे ओरडून सांगते, हाच तो खरा असल्याचा पुरावा, असा उफराटा न्याय आपल्या पुस्तकात लावला. ग्रेव्हज यांच्या शोधाला तेव्हा पुरती चार-पाच वर्षेही झाली नव्हती. पुढे युरोपातल्या ज्यूंचे काय झाले ते आपण सारे जाणतो. पुरावा छापून आला म्हणजे असत्य मरते असे नाही, हा या हकिकतीतला सर्वांत कडू भाग आहे.

माझ्या स्नेह्यांच्या शंकेला माझे उत्तर असे आहे. कल्पित संवाद खोटा नसतो, कारण तो आपली कल्पितता लपवीत नाही. दोन मृत माणसे पाताळात बोलत आहेत असे सांगणारा कोणालाच फसवीत नाही. फसवतो तो, जो एकाच आवाजाला गुप्त कागदपत्रांचा वेष चढवतो. म्हणून एखाद्या संपूर्ण जातीचा किंवा धर्माचा बेत उघड करणारा कागद हाती आला, तर त्यात काय लिहिले आहे ते अवश्य वाचावे. पण यातून कोणाला बोलू दिलेले नाही, हे आधी विचारावे.

जोली कैदेतून सुटून विपन्नावस्थेत दिवस काढीत होता त्याच काळात, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आजही आपण त्याच प्रघाताने जमलो आहोत. माझे बोलणे येथे संपते, पण ते एकाचेच बोलणे होते. आपल्यापैकी कोणाला माझे म्हणणे पटले नसेल, तर त्यांनी आता उठून बोलावे.