दहा वर्षांची सवड

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधी कधी मांसल कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतल्या थोड्यांचाच कर्करोग होतो, त्यालाही बहुधा दहाएक वर्षे लागतात. पण खोलवरचा पॉलिप काढायला पूर्वी पोट उघडावे लागे.

१९५४ मध्ये लंडनला नरिंदरसिंग कपानी व हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेली. अशाच तंतूंच्या दुर्बिणीतून १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ व शिन्या यांनी तारेच्या फासाने पॉलिप काढला. त्याने कर्करोग टळतो का? अमेरिकेत १९९३ मध्ये उत्तर मिळाले: पॉलिप काढून सरासरी सहा वर्षे तपासलेल्या १४१८ जणांपैकी पाचांनाच कर्करोग झाला, अपेक्षा किमान विसांची होती.

१९६३ पासूनच्या मुंबई कर्करोग नोंदणीत हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळतो. तरी शौचातून रक्त गेल्यास मूळव्याध समजून ही सवड दवडू नये.