तुमसरची हेराल्ड

ऑफिसातले दोघं जण सत्तरच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारांचे लिलाव-भाव असे वाचतात, जसे आमचे मामा धानाचे वाचतात. परवा लंचला म्हणाले, तुमच्या भंडाऱ्याकडे काय असणार! मीही हसलो. तेव्हा आमच्या जिल्ह्यात चारचाकी म्हणजे धानाचा ट्रक, सरकारी जीप, फार तर एखादी अँबेसेडर. परदेशी गाडी आणायची तर परवाना हवा आणि वर जबर जकात. देशात कार बनवणारे मोजून तीन : कलकत्त्याजवळ हिंदुस्थान, कुर्ल्याला प्रीमियर, मद्रासला स्टँडर्ड.

मग आठवलं, मामाच्या तुमसरच्या राइस मिलमध्ये कोंड्याच्या पोत्यांमागे एक गाडी उभी आहे. १९७० ची स्टँडर्ड हेराल्ड.

हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, १९५९ ची. रूप दिलं इटलीच्या मिकेलोत्तीनं. बाकीचे वेगळी चॅसी सोडून देत होते, हिनं ती ठेवली. त्याचा फायदा असा की तीच चॅसी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये दोन सीटची, उघड्या टपाची स्पिटफायर काढली. ती १९८० पर्यंत चालली. म्हणजे पोत्यांमागची ही बाई त्या स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण! बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, अख्खं इंजिन समोर. मागची चाकं मात्र जोरात वळवलं की आत दुमडायची. मद्रासवाल्यांनी १९७२ मध्ये हिच्यावरून गझेल काढली, तेव्हा मागे सरळ अखंड अॅक्सल टाकला.

असो. मुद्दा भावाचा. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता आणि मामाही जवळजवळ हो म्हणाले होते. मी नागपूरच्या एका हौशी संग्राहकाला फोन लावला. रंग, टायर काहीच विचारलं नाही त्यांनी. पहिला प्रश्न : इंजिन नंबर आरसीशी जुळतो का?

नाही ना जुळत! १९८३ च्या आसपास मामांनी रेडिएटरमध्ये पाणी न घालता गाडी नागपूरपर्यंत दामटली, इंजिन बसलं, आणि मिस्त्रीनं फियाटचं बसवलं. आता २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण इंजिन, चॅसी किंवा बॉडीत मोठा बदल केलेला नको. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कितीही सुंदर असो, कमिट हिस्टरी फाटलेली चालत नाही. मला हे आधी जाच वाटलं, पण पटतं. स्पिटफायर तीन लाखांवर बनल्या, त्यामुळे विलायतेतही ती स्वस्तातलीच क्लासिक. तिथेही जास्तीचे पैसे मिळतात ते मूळ नंबरांचे.

"जुनं इंजिन विकलं का मामा?"

"कोन घेते बाप्पा ते? त्या काट्याजवळ हाय."

ब्लॉक खरंच होता. मिलचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ४० वर्षं तिथे टेकवलेला. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन दोन तास घासलं. मी एकेक आकडा वाचायचा, मामांनी चष्मा लावून आरसी बुकात बघायचा. शेवटचा आकडा गंजानं खाल्ला असेल असं वाटलं होतं, पण तोही निघाला. सगळे जुळले.

भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. मामा बराच वेळ ब्लॉककडे बघत बसले.

"मंग आता दार कशानं अडवाचं?"