जुन्या ईमेलमधली मराठी कुठे गेली?

बाबांनी २००२मध्ये दुबईहून आईला ईमेलने पाठवलेली पत्राची फाइल परवा मी उघडली. मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

कारण ऐका. तेव्हाचे बरेच मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवायचे. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. खरं तर १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. 'क' म्हणजे २३२५. पण ते घरोघरी रुळायला वर्षं गेली.

उपाय सोपा आहे. फाइल डिलीट करू नका. फाँटचं नाव बघा, त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा.

मी आणला. आईने ते पत्र दोनदा वाचलं.