दोस्तेदनिंग : एका आवराआवरीची कुळकथा

स्वीडनच्या मार्गारेता माग्नुसन यांची आई वारली, तेव्हा तिच्या कपाटातल्या कपड्यांवर आणि पुडक्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या सापडल्या. हे दान द्यायचं, ही पुस्तकं ज्याची त्याला परत करायची. घोडेस्वारीचा जुना पोशाख संग्रहालयाला द्यायचा. तिथे कुणाला भेटायचं, त्याचंही नाव लिहिलेलं.

या कामाला स्वीडिश भाषेत नाव आहे : दोस्तेदनिंग. ‘दो’ म्हणजे मरणं, ‘स्तेदनिंग’ म्हणजे साफसफाई. नाव ऐकून दचकायला होतं, पण काम दिवाळीआधीच्या घरझाडणीसारखंच. फक्त हे आपल्या पश्चात मुलांवर पडू नये म्हणून आपणच उरकायचं.

काम जुनं, शब्द मात्र नवा. तो गाजला २०१७ साली. योतेबोरीत जन्मलेल्या चित्रकार माग्नुसन यांचं याच नावाचं पुस्तक त्या वर्षी आलं, तेव्हा त्यांनी वयाची ८० वर्षं ओलांडली होती. त्याच डिसेंबरात स्वीडिश भाषा परिषदेच्या नव्या शब्दांच्या यादीत ‘दोस्तेदा’ हे क्रियापद दाखल झालं.

पाच मुलं आणि १७ वेळा बदललेली घरं, एवढ्या अनुभवावर त्यांनी आवरण्याचा क्रम सांगितला. आधी मोठ्या वस्तू. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी, कारण अल्बम उघडला की दिवस तिथेच मावळतो. त्यांच्या सासूबाईंची रीत आणखी सोपी होती. घरी आलेल्यांच्या हाती दर वेळी ताटलीसारखं काही तरी ठेवायचं. घर हळूहळू हलकं होत गेलं.

जपानने त्याआधीच वेगळी वाट काढली होती. तिथे ‘शूकात्सु’ म्हणजे नोकरीची शोधाशोध. २००९ मध्ये ‘शूकान आसाही’ या साप्ताहिकाने उच्चार तोच ठेवून पहिलं चित्राक्षर बदललं. नोकरीच्या जागी ‘शेवट’ आला. मृत्युपत्र, अंत्यविधी, सामान, सगळ्याची तयारी त्यात मावली. २०१२ मध्ये तो वर्षातल्या पहिल्या दहा गाजलेल्या शब्दांत होता.

मराठीत या कामाचे दोन भाग पडतात : वस्तूंची आवराआवर आणि माणसांची निरवानिरव. माग्नुसन यांच्या आईच्या चिठ्ठ्यांत दोन्ही होतं.

खुद्द लेकीने त्यात एका खोक्याची भर घातली. बुटांच्या खोक्याएवढं, वर ‘टाकून द्या’ असं लिहिलेलं. आत फक्त स्वतःलाच मोलाच्या वाटणाऱ्या बारीकसारीक वस्तू. मुलांनी उघडून पाहिलं तरी हरकत नाही, न उघडता फेकलं तरीही.