पीएसए, प्रोस्टेट आणि एमआरआय
* रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन) वाढला म्हणजे कर्करोगच, असे धरून चालता येत नाही. वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढली तरी हा आकडा चढतो. ही साधी वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते. बहुतेक कर्करोग मात्र मागच्या, बाहेरच्या भागात उगवतात. तिथली निरोगी ऊती एमआरआयच्या टी-२ चित्रात उजळ, तर कर्करोगाची गाठ काळसर दिसते. पेशींच्या दाटीत पाण्याचे रेणू अडखळतात, तेही डिफ्यूजन चित्रात टिपले जाते. मधल्या भागातल्या साध्या गाठी मात्र मुरलेल्या रेडिओलॉजिस्टलाही चकवतात. ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ अभ्यासात (२०१७) गंभीर कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले, नेहमीच्या सोनोग्राफी-बायोप्सीने ४८ टक्केच. एमआरआयने विनाकारण घातलेली भीतीही कमी नव्हती, म्हणून संशयित गाठीचे पक्के निदान आजही बायोप्सीनेच होते.