बासनातली पोथी

एखादे काम कायमचे मागे पडले की मराठीत ते ‘बासनात गुंडाळले’ असे म्हणतात. या वाक्प्रचाराने बासनावर अन्याय केला आहे. पोथीची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये धरायची, फडक्यात घट्ट गुंडाळायची आणि वरून दोरी आवळायची; धूळ, दमट हवा आणि कसर यांच्यापासून पोथी वाचावी म्हणून हे बासन असे. नक्कल पुरी झाल्यावर लेखनिक शेवटच्या पानावर विनंती लिहीत: तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ सांभाळावा, मूर्खाच्या हाती देऊ नये. ही विनंती जपण्याची आहे, लवकर वाचून संपवण्याची नाही. आज हौसेने आणलेली पुस्तके न वाचता साठत गेली की पुस्तकप्रेमी माणसाला अपराधी वाटते आणि घरचे त्याला बोल लावतात. पण वाचणे आणि राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे कोणीतरी केले तरच पहिल्याला वाव राहतो. जुन्या ग्रंथसंग्रहांचा इतिहास हेच सांगतो.

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय हे याचे मोठे उदाहरण. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह भोसल्यांनी वाढवला, आणि त्यात सर्वाधिक भर घातली ती दुसऱ्या सरफोजींनी. ते 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेली, पण ग्रंथांचा ध्यास वाढला. 1820 साली ते काशीयात्रेला निघाले, तेव्हा तिथूनही हस्तलिखिते आणि नकला मिळवल्या. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतली सुमारे साडेचार हजार छापील पुस्तके त्यांनी जमवली; त्यांतल्या अनेकांवर त्यांची सही आहे. सरफोजी स्वतः व्यासंगी होते, श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, वैद्यकात रमणारे. तरी हिशेब मांडून पाहावा: आठवड्याला एक पुस्तक संपवले तरी साडेचार हजारांना 86 वर्षे लागतात, आणि 1777 साली जन्मलेले सरफोजी 1832 मध्ये वारले. हस्तलिखिते तर या हिशेबात धरलेलीच नाहीत. म्हणजे हा संग्रह एका माणसाच्या वाचनासाठी कधीच नव्हता. 1855 मध्ये गादी वारसाअभावी संपली, पण कपाटे राहिली. तंजावरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती 1880 मध्ये छापली गेली. 1918 मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. तिथल्या तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितांत भोसले राजांच्या काळातली नाटकेही आहेत, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ सांगणाऱ्याला आता तंजावर टाळून पुढे जाता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की टिकलेल्याच संग्रहांचे गोडवे गायले जातात. वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांचा हिशेब कोण देणार? आक्षेप रास्त आहे. पण कोणती पोथी मोलाची, हे ती बांधून ठेवणाऱ्याला ठरवता येत नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र कित्येक शतके इतरांनी केलेल्या उल्लेखांतूनच ठाऊक होते. 1905 च्या सुमारास तंजावर भागातल्या एका पंडिताने ग्रंथ लिपीतली ताडपत्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. तिथल्या शामशास्त्रींनी ती वाचली आणि 1909 मध्ये संहिता छापली. पुढे रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने काढली. ज्या घराण्यांनी ती ताडपत्रे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांनी ‘आम्ही तर हे वाचत नाही’ म्हणून ती टाकून दिली असती, तर प्राचीन भारतातल्या राज्यव्यवहाराचे आपले ज्ञान फार तोकडे राहिले असते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: राजाकडे महाल होता, दोन खोल्यांच्या घराने काय करावे? शिवाय कुलपात पडलेले पुस्तक दुसऱ्या वाचकालाही मिळत नाही. हे खरे आहे, आणि त्याचे उत्तरही तंजावरनेच दिले आहे. तो संग्रह कामी आला तो सूची झाली आणि दार उघडले तेव्हा. घरच्या ढिगालाही हाच नियम लावावा. काय काय आहे याची वही ठेवावी, पावसाळ्यानंतर पुस्तकांना हवा द्यावी, मागायला आलेल्याला ती द्यावीत, आणि आपल्यामागे ती कुठे जातील हे आपल्या हयातीतच ठरवावे. एवढे केले तर न वाचलेल्या पुस्तकांसाठी अपराधी वाटून घेण्याचे कारण उरत नाही. त्यांचे बासन नीट बांधलेले आहे; गाठ सोडणारा हात दुसऱ्या कुणाचाही असू शकतो.