एका श्वासाला एक शब्द

आजचा भाग छोटा आहे, पण आधी फोन सायलेंटवर टाका.

फादर अँथनी डिमेलो. जन्म मुंबईचा, १९३१ चा. जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू. हे एका बौद्ध शिबिरात जाऊन बसले. तिथे तासन्‌तास एकच काम, श्वासाकडे बघायचं. मग १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात ‘साधना’ शिबिरं घेतली. शांत बसा, श्वास बघा, देवाकडे मागणं थांबवा, त्याच्यासमोर नुसते असा. १९७८ मध्ये याच नावाचं पुस्तकही आलं.

पण हे ख्रिस्ती आहे का? डिमेलो १९८७ मध्ये गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने सांगितलं, सुरुवातीची पुस्तकं बरीचशी चौकटीत आहेत, नंतर मात्र ते श्रद्धेपासून दूर गेले.

आता गंमत बघा. जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस यांचं साधनेचं पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात प्रार्थनेची एक रीत दिलीय: एका श्वासाला प्रार्थनेचा एकच शब्द. म्हणजे श्वास घरात होताच! मला वाटतं, कधीकधी आपल्याच घरातली वस्तू शेजाऱ्याकडे गेल्यावर आठवते.

आज झोपताना करून बघा. प्रार्थना तुमची, कुठलीही. भेटू पुढच्या भागात.